गमरे आचार्यांचं दुखणं

माणसाची वाचा जाते म्हणजे नक्की काय जातं आणि काय मागे राहतं, हे पावसच्या वरच्या अंगाला, कातळावर वसलेल्या बौद्धवाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दत्ताराम गमरेंच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, तोंड बंद झालं म्हणजे आतलं सगळंच बंद झालं. त्यांच्या बायकोला, प्रभावतीबाईंनाही तसंच वाटलं. त्यानंतर त्यांनी जे जे पाहिलं ते आठवून त्या अजूनही मधेच हातातली कोयती खाली ठेवतात, गालाला हात लावतात आणि म्हणतात, "मानसाचं डोकं म्हंजे काय चीज हाय बगा!" आणि पुन्हा भाजी चिरायला लागतात.

दत्ताराम गमरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले कारकून. पण ही ओळख फक्त पेन्शनच्या कागदावरची. पावसच्या आसपास कुठल्याही बौद्धवाडीत विचारा, गमरे कारकून म्हटलं तर लोक डोकं खाजवतील. गमरे आचार्य म्हणा, पोरंसोरं घरापर्यंत आणून सोडतील. आमच्याकडे लग्न लावणारा, मुलाचं नामकरण करणारा, माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी करणारा जो जाणता माणूस असतो, तो बौद्धाचार्य. नोकरी सांभाळून आणि पुढे नोकरी संपल्यावर दत्तारामांनी उभं आयुष्य हेच केलं. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी आणि एसटीच्या खिडकीतली जागा. आवाज असा की लग्नात माइक बंद पडला तर मांडववाले धावपळ करायचे नाहीत. "आचार्य हायत ना," म्हणायचे आणि पान लावत बसायचे.

पण नुसता आवाज मोठा असणारे आचार्य पुष्कळ असतात. दत्तारामांची खरी ख्याती निराळीच होती. मयताच्या घरी गेले की ते लगेच विधीला बसायचे नाहीत. आधी ओटीवर टेकायचे, पाणी प्यायचे आणि नुसते बघत राहायचे. रडणाऱ्याभोवती माणसं असतातच, त्यांना समजावणारे दहा जण भेटतात. आचार्य शोधायचे ते ज्याच्याभोवती कुणी नाही त्याला. कधी ती चुलीपाशी चहाचं आधण सांभाळणारी सून असायची, कधी अंगणात खुर्च्या मांडणारा धाकटा भाऊ. त्याच्याजवळ जाऊन बसायचे आणि हळूच विचारायचे, "तू जेवलास काय रे?" एवढ्यावर तो माणूस तिथेच फुटायचा.

"तुमाला कसं कळतं कुणाला विचारायचं ते?" असं प्रभावतीबाईंनी त्यांना एकदा विचारलं होतं.

"बोलतो त्याचं दुखनं कानाला कळतं," ते म्हणाले. "नाय बोलत त्याचं डोळ्यानं बगावं लागतं."

प्रभावतीबाईंचा स्वभाव नेमका उलटा. बोलणं कमी, काम जास्त. डाव्या गुडघ्यानं गेली कित्येक वर्षं त्यांचा पिच्छा पुरवला होता. उठताना त्या कशाचा तरी आधार घ्यायच्या आणि कुणी विचारलं तर "काय नाय, वय झालं" म्हणून विषय मिटवायच्या. नवरा गमतीनं म्हणायचा, "आमच्या घरात बोलायचं काम माझं आनि समजायचं काम हिचं." बाईंना ते खरंच वाटायचं. या माणसाच्या मनातलं मला न बोलता कळतं, याचा त्यांना आतून केवढा तरी अभिमान होता.

दिवाळी सरल्यावरची गोष्ट. खालच्या वाडीत एका बाळाचं नामकरण होतं. दत्ताराम सदरा घालून ओटीवर आले, चपलेत पाय घालायला वाकले आणि तसेच भिंतीला टेकून खाली बसले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात आणि पाय आपले नसल्यासारखे पडलेले. शेजारी राहणारा पुतण्या राजेंद्र रिक्षा चालवतो. त्यानं त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. मुलगा राकेश मुंबईहून धावत आला, पुष्कळ दिवस राहिला आणि शेवटी नोकरीसाठी परत गेला. आचार्य घरी आले, पण ज्या वाचेवर त्यांनी जन्म काढला ती दवाखान्यातच राहिली.

एकच शब्द शिल्लक होता. "नाय नाय."

चहा घेता? "नाय नाय." आणि कप पुढे केला की पिऊन टाकायचे. राकेशचा फोन आलाय, बोलता? "नाय नाय." आणि फोन कानाला लावून डोळे भरून ऐकत राहायचे. प्रभावतीबाईंना वाटलं, चला, नाय तर नाय, काहीतरी उत्तर मिळतंय.

मग तो प्रकार झाला.

घरी आल्यावरची पहिलीच संध्याकाळ. प्रभावतीबाईंनी नेहमीप्रमाणे बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली. दत्ताराम मागे खुर्चीत होते. आजवर या घरात वंदना त्यांनी म्हणायची आणि बाईंनी मागून ओठ हलवायचे, अशी वहिवाट. आज म्हणणार कोण? त्यांनी गुडघे टेकले, हात जोडले आणि चाचरत, स्वतःच्याच आवाजाला घाबरत त्रिशरणाची पहिली ओळ सुरू केली. दुसऱ्या शब्दाला मागून आवाज आला. तोच आवाज. भरदार, स्वच्छ. पालीतला एकेक शब्द जागच्या जागी, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

वळून बघायची बाईंची हिंमत होईना. वळलं आणि आवाज थांबला तर? त्या तशाच पाठमोऱ्या बसून राहिल्या आणि मागून अख्खं त्रिशरण, अख्खं पंचशील वाहत राहिलं. ज्या माणसाला सकाळी "पाणी" म्हणता आलं नव्हतं, तो माणूस ते म्हणत होता. संपल्यावर त्या वळल्या आणि म्हणाल्या, "अवो, बोला ना! आनखी बोला!"

"नाय नाय," दत्ताराम म्हणाले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं. बाईंना वाटलं होतं डॉक्टर हसतील. पण ते म्हणाले, "असं होतं. मनातलं जुळवून बोलायचं काम मेंदूचा एक भाग करतो, तो काकांचा दुखावलाय. पण वर्षानुवर्षं घोकलेलं, चालीवर म्हटलेलं भलतीकडेच साठवलेलं असतं. काही जणांची वाचा जाते आणि गाणं राहतं. मी किती पेशंट पाहिले, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो." एकाच डोक्यात एक खोली बंद होते आणि शेजारच्या खोलीत दिवा तसाच जळत राहतो, हे बाईंना घरी येईपर्यंत रिक्षात पुन्हा पुन्हा आठवत होतं आणि पुन्हा पुन्हा नवल वाटत होतं.

नवल वाडीत लपत नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ओटीवर माणसं जमायला लागली. पलीकडच्या घरातल्या यमुनाबाई सर्वांच्या पुढे. आणि इथेच प्रभावतीबाईंच्या हातून एक गोष्ट झाली, जी फक्त त्यांच्यासारख्या बाईच्या हातूनच होऊ शकते.

वंदना दोन्ही हात जोडून म्हणायची असते. दत्ताराम या बाबतीत फार कडक. विहारात पोरं हात ढिले सोडून उभी राहिली की ते मधेच थांबायचे आणि म्हणायचे, "हात नीट जोडा. बुद्धापुढं अर्धवट काय करायचं नाय." आणि आता त्यांचाच उजवा हात मांडीवर लोळत पडलेला, सगळ्या वाडीदेखत. नवऱ्याच्या मनाला हे किती लागत असेल, हे बाईंना न विचारताच कळलं. त्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसल्या, तो लुळा हात मनगटाला धरून छातीपर्यंत वर उचलला, डाव्या तळव्याला जोडला आणि वंदना संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

पहिल्याच ओळीला दत्तारामांचा आवाज कापला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. क्षणभर थांबले आणि पुन्हा पुढे म्हणायला लागले. ओटीवर एकही डोळा कोरडा राहिला नाही.

"वाचा गेली, पन श्रद्धा नाय गेली," यमुनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "आमचे आचार्य बगा कसे विरघळतात!"

मग रोजचंच झालं. रोज मेणबत्ती, रोज बाई हात उचलायच्या, रोज आवाज कापायचा, रोज डोळे वाहायचे. शेजारच्या गावांतून माणसं बघायला येऊ लागली. थंडी सरली, काजूला बोंडं आली, आंबा पेट्यांत भरू लागला तरी ओटीवरची गर्दी हटली नाही. वैशाख पौर्णिमेला, म्हणजे बुद्धजयंतीला आचार्यांना विहारात न्यायचं आणि सगळ्यांनी त्यांच्यामागे वंदना म्हणायची, असं वाडीनं ठरवूनही टाकलं.

फक्त आचार्यांचं बाकीचं वागणं बिनसत चाललं होतं. जन्मात कुणावर हात न उगारलेल्या माणसानं, राजेंद्र त्यांना बगलेत हात घालून उठवायला गेला तेव्हा डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली. राजेंद्र गाल चोळत हसला, पण बाहेर जाऊन म्हणाला, "काकी, काकाच्या डोक्यावर परिनाम झालाय वाटतं." आंघोळीला न्यायचं म्हटलं की ते खुर्चीचा दांडा धरून बसायचे. सदऱ्याची बाही चढवताना तोंड फिरवायचे. रात्री झोप नाही. जेवण निम्म्यावर आलं.

प्रभावतीबाई रोज विचारायच्या. विसरल्या असं एकदाही झालं नाही. "अवो, कुटं दुखतंय काय?"

"नाय नाय."

मग दुखत नाही, दुसरंच काहीतरी आहे, असं त्या समजायच्या. आणि नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघून त्यांना वाटायचं, की हा माणूस आतून मला सोडून चाललाय आणि मला कळत नाहीये. त्या डोळ्यांत काहीतरी होतं. ते सतत त्यांच्या मागेमागे फिरायचे, चुलीपाशी, विहिरीवर जाताना, मूर्तीपुढे बसता-उठताना. लोक म्हणायचे, नजर शून्यात असते.

व्यायाम करून घ्यायला चिपळूणची एक मुलगी येऊ लागली होती. नम्रता तिचं नाव, शिकलेली फिजिओथेरपिस्ट. रत्नागिरीत खोली घेऊन राहायची आणि स्कूटरवरून गावोगाव हिंडायची. एरवी सकाळी यायची. एकदा तिची स्कूटर बंद पडली आणि ती पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. ओटीवर माणसं जमलेली. बाईंनी तिला कौतुकानं बसवून घेतलं. "बग तरी पोरी, आमच्याकडचं नवल."

नम्रता बसली. मेणबत्ती लागली, आचार्यांचा आवाज उठला आणि त्या मुलीचे डोळे विस्फारले. पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर ऐकणं वेगळं. बाईंनी शेजारी बसून हात उचलला, आवाज कापला, डोळे भरून आले. ओटी हुंदके द्यायला लागली. एक नम्रता तेवढी रडली नाही. ती आचार्यांच्या तोंडाकडे अशी बघत होती की बाईंना थोडा रागच आला.

माणसं पांगल्यावर ती म्हणाली, "काकू, राग मानू नका. काकांचा खांदा दुखतोय असं मला वाटतं."

"दुखतोय?" बाई म्हणाल्या. "अगो, ती वंदना हाय. भरून येतं त्यांना."

"भरून येत असेलही. पण तुम्ही हात वर घेतलात तेव्हा दोन्ही भुवया आवळल्या. श्वास मधेच अडला. डावा हात तुमच्या मनगटाकडे धावला. हात खाली ठेवल्यावर सगळं सैल झालं. नुसतं मन भरून येतं तेव्हा माणूस असं करत नाही."

प्रभावतीबाई ताठ झाल्या. चाळीस वर्षं संसार केला मी, आणि काल आलेली पोर मला सांगणार! "मी रोज विचारते त्यांना," त्या म्हणाल्या. "रोज. ते नाय म्हनतात."

"मीही पहिल्याच दिवशी विचारलं होतं," नम्रता म्हणाली. "नाय नाय म्हणाले, आणि मीही ते ऐकून पुढे गेले. चुकलंच माझं." मग ती खुर्चीपुढे उकिडवी बसली. "काका, तुमचं नाव दत्ताराम आहे?"

"नाय नाय," दत्ताराम म्हणाले.

"तुमचं नाव रावजी आहे?"

"नाय नाय."

"ह्या काकू तुमच्या बायको?"

दत्तारामांनी बाईंकडे बघितलं. काहीतरी दुसरं म्हणायचा त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला, मानेच्या शिरा फुगल्या आणि तोंडातून आलं ते पुन्हा "नाय नाय"च. त्यांनी डोळे मिटून घेतले.

इतके दिवस बाई ज्याला उत्तर समजत होत्या ते उत्तर नव्हतंच. तोंडातून निघू शकणारा तेवढाच एक आवाज होता तो, चहालाही तोच आणि वेदनेलाही तोच. आणि रोज विचारल्याचं समाधान मानून त्या रोज संध्याकाळी जाऊन तोच हात उचलत होत्या.

"मग कसं विचारायचं?" त्यांनी विचारलं.

नम्रतानं पिशवीतून एक लांबट कार्ड काढलं. त्यावर खालून वर सहा चेहरे काढलेले. तळाचा निवांत, मग हळूहळू वाकडा होत गेलेला, आणि सर्वांत वरचा कळवळून रडणारा. झटका आलेल्या काही जणांना एका बाजूचं दिसत नाही, म्हणून चेहरे आडवे नाहीत, उभे, असं तिनं सांगितलं. ती घाई करत नव्हती. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून तिनं तसंतसं तोंड करून दाखवलं. शेवटच्या चेहऱ्याला ती "आई गं!" म्हणून असं ओरडली की राजेंद्र बाहेरून डोकावून गेला. मग तिनं दत्तारामांचा डावा पाय हलवला आणि कार्ड पुढे धरलं.

दत्तारामांचा डावा हात उठला. बोट हवेत घुटमळलं आणि तळाच्या निवांत चेहऱ्यावर टेकलं.

मग तिनं उजवा खांदा हलक्या हातानं, अगदी थोडासाच हलवला. बोट वर गेलं. सरळ, न अडखळता, रडणाऱ्या चेहऱ्यावर. आणि तिथून हलेना. नम्रतानं खात्रीसाठी पुन्हा पायाचं विचारलं, पुन्हा खांद्याचं विचारलं. बोट पुन्हा खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. शेवटी दत्तारामांनी कार्डच तिच्या हातातून ओढून घेतलं, त्या वरच्या चेहऱ्यावर बोट आपटलं, एकदा, दोनदा, आणि प्रभावतीबाईंकडे बघितलं. कधीपासून सांगतोय, असंच होतं ते बघणं.

वाचा गेली होती. बाकी सगळं आत शाबूत होतं. समजत होतं, मोजता येत होतं, कुणाला सांगायचं तेही ठाऊक होतं. इतके महिने हा माणूस घराच्या आत उभा राहून दार वाजवत होता आणि बाहेरचे त्या आवाजाला दाद देत होते. प्रभावतीबाईंना लाज वाटली, रडू आलं, पण या सगळ्याच्या वर, खरं सांगायचं तर, त्या थक्क झाल्या होत्या.

नम्रतानं समजावलं. लुळ्या हाताचे स्नायू सैल पडतात, हाताच्या वजनानं खांद्याचा सांधा खाली सरकतो. मग कुणी बगलेत हात घालून उठवलं किंवा मनगट धरून हात वर घेतला की आत चिमटतं. राजेंद्रला तिनं कमरेला धरून कसं उठवायचं ते शिकवलं. तो बिचारा कान पकडून म्हणाला, "काकानं मला थोबाडीत दिली ती बरोबरच हुती म्हना की." दत्ताराम हसले. वाकडं, अर्ध्याच तोंडानं, पण हसले. डॉक्टरांना फोन करून औषध सुरू झालं. हाताखाली कायम उशी आली. आणि ते कार्ड नम्रतानं खिडकीतच ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी मेणबत्ती लावली. यमुनाबाई आणि मंडळी ओटीवर होतीच. बाईंचा हात सवयीनं पुढे गेला आणि तिथेच थांबला. बुद्धापुढं अर्धवट काय करायचं नाय. पण कुणी म्हटलं होतं ते? त्याच माणसानं, ज्याचा खांदा रडत होता. त्यांनी उशी नीट केली, उजवा हात तिच्यावर निजवला आणि पुढे जाऊन गुडघे टेकले. दत्तारामांनी डावा हात एकटाच छातीशी धरला.

आवाज उठला. पहिली ओळ आली आणि गेली. कापला नाही. दुसरी आली. बाई जीव मुठीत धरून ऐकत होत्या. त्रिशरण संपलं, पंचशील संपलं, आवाज पाण्यासारखा सपाट वाहत राहिला आणि वंदनेच्या शेवटी म्हणायचा "साधु" असा घुमला की ओटीवरचा कुत्रा उठून उभा राहिला. हा खरा आवाज होता, झटक्याआधीचा, मांडवातला. बाईंनी वळून पाहिलं. नवऱ्याचे डोळे कोरडे, ठणठणीत कोरडे होते. आज रडत होत्या त्या एकट्याच.

वैशाख पौर्णिमेला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. राजेंद्रनं काकांना कमरेला धरून खुर्चीत बसवलं, उशी ठेवली. कुणीतरी मागून म्हणालं, "आचार्यांचा हात जोडून द्या की!" तर प्रभावतीबाई, ज्या चारचौघांत कधी तोंड उघडत नाहीत, वळून म्हणाल्या, "तो हात दुखतो. कुनी हात लावायचा नाय." मग एक हात छातीशी धरून आचार्यांनी सुरुवात केली आणि सगळी वाडी त्यांच्यामागून म्हणू लागली. ज्याला स्वतःच्या बायकोचं नाव उच्चारता येत नाही तो माणूस अख्ख्या गावाच्या तोंडात शब्द देत होता. खिडकीत उभी राहिलेली नम्रताही हात जोडून म्हणत होती, येत होतं तेवढं.

एक यमुनाबाई तेवढ्या परत येताना हळहळल्या. "आज काय आचार्य रडले नायत," त्या म्हणाल्या. त्यांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर बाईंनी घरच्या मूर्तीपुढेही मेणबत्ती लावली. दिवसभर खीर वाटण्यात, पाहुण्यांना पाणी देण्यात पायांवर उभ्या होत्या. गुडघे टेकले, डोकं टेकवलं आणि उठताना स्टुलाचा आधार घेतला. डाव्या गुडघ्यातून कळ निघाली. आवाज तोंडातल्या तोंडात दाबून त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला.

मागे खुर्ची करकरली. दत्ताराम खिडकीकडे हात लांबवत होते. कार्ड हवं होतं. येताना रिक्षाच्या धक्क्यानं पुन्हा खांदा दुखावला की काय? त्यांनी लगबगीनं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं आणि समोर वाकल्या. "दुखतंय? दाकवा, किती?"

दत्तारामांनी बोट ठेवलं नाही. त्यांनी कार्ड उलटं फिरवलं, चेहरे बाईंच्या बाजूला आले. मग त्यांनी ते मांडीवर ठेवलं, डावा हात पुढे केला आणि बाईंच्या डाव्या गुडघ्याला, लुगड्यावरून, अलगद बोट लावलं. आणि कार्ड उचलून पुन्हा त्यांच्यापुढे धरलं.

बाईंना क्षणभर काही उमजेना. उमजलं तेव्हा त्या हसल्या. "माजं? माजं काय नाय. वय झालं."

दत्ताराम कार्ड धरून राहिले. घाई नव्हती त्यांना. मयताच्या घरी ओटीवर टेकून बघत राहायचे, तसेच बघत होते.

त्यांच्या समाधानासाठी म्हणून बाईंनी तळापासून दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हे बगा. एवडंसं."

दत्तारामांनी कार्ड मांडीवर टेकवलं. बाईंचं ते बोट आपल्या डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि वर सरकवलं. तिसऱ्या चेहऱ्यावर. चौथ्यावर. पाचव्यावर नेऊन थांबवलं आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

विहिरीवरून येताना, चुलीपाशी वाकताना, मूर्तीपुढे बसता-उठताना मागेमागे फिरणारे ते डोळे बाईंना आठवले. लोक म्हणायचे, नजर शून्यात असते. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही नसतं. त्यांनी बोट काढून घेतलं नाही.

"होय," त्या म्हणाल्या. "तेवडं दुखतं."